निंबाचं वय किती?

माझा पहिला रोजा एका कडुनिंबाखाली पार पडला. १९८६ चा मे महिना होता आणि मी सात वर्षांचा होतो. आमचं गाव घाटाखालचं. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, असा आमचा उन्हाळा. पहाटे सहेरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाला, मोठ्या हौसेनं उठलो होतो. पण दुपारची जोहरची नमाज होईपर्यंत जीभ टाळूला लागली आणि नजर सारखी माठाकडे जाऊ लागली. नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ते ओळखलं. त्यांनी माझा हात धरला, बसस्टँडच्या रस्त्यावरच्या निंबाखाली नेऊन बसवलं, ओला रुमाल डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "आता पाखरं मोज. शंभर झाली की सांग."

मी मोजत राहिलो. पाखरं जागा बदलायची, मोजणी चुकायची, पुन्हा एकपासून सुरुवात. शंभर काही झाली नाहीत, पण दिवस कलला. संध्याकाळी घरी गळ्यात हार पडला, हातावर खजूर आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. त्या कौतुकातला अर्धा वाटा निंबाचा होता, हे तेव्हा कळलं नाही.

रमजानचा महिना चांद्र कालगणनेनुसार येतो. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. त्यामुळे १९८६ सारखाच मे महिन्यातला रमजान आम्ही २०१९ मध्ये पुन्हा अनुभवला. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, तो मार्चमध्ये आला आहे. निंब अजून तिथंच आहे, कोवळ्या तांबूस पालवीनं भरलेला. तो तिथं आहे यामागे गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या भाचीची आहे.

वन म्हणजे काय?

भाची तेव्हा सोळा वर्षांची होती. अकरावी सायन्सची परीक्षा नुकतीच झालेली. आपल्याकडे अकरावीनंतरची सुटी ही सुटी नसतेच, ती क्लासची असते. माझ्या बहिणीनंही फी भरायची तयारी केली होती. पण पोरीला अकरावी-बारावीच्या 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयाचा प्रकल्प करायचा होता आणि तो इतर मुलं करतात तसा झेरॉक्सच्या दुकानातून उचलायचा नव्हता. "मामू, मला नगरपालिकेच्या झाडांचं काम करणाऱ्या लोकांबरोबर सहा आठवडे राहायचंय. इंटर्नशिप," ती म्हणाली.

मी प्राध्यापक असल्यानं ओळखीपाळखी आहेत. तिला घेऊन पालिकेत गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "कशाची इंटर्नशिप?"

"नागरी वनीकरणाची," भाची म्हणाली.

"वन? अन् इथं?" ते हसले. "वन पाहायचं असंन त बोथ्याला जाय बाई, ज्ञानगंगेत."

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात वन म्हटलं की ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आठवतात, नाहीतर २०१९ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगेत येऊन राहिलेला वाघ आठवतो. गावातल्या झाडांना आपण वन म्हणत नाही. पण शाळेच्या पटांगणातला करंज, कब्रस्तानातली चिंच, स्मशानभूमीतला पिंपळ, मंदिरापुढचा वड, कोर्टाच्या आवारातला शिरीष आणि रस्त्याकडेचे निंब एका कागदावर मांडले तर ते गावाचं जंगलच ठरतं. फक्त ते विखुरलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक झाडाखाली कुणाचा तरी ठेला असतो.

सरकारनंही हा विचार अलीकडे मनावर घेतला आहे. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं देशात २०० नगरवनं उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून पुण्यातल्या वारज्याचं वन पुढे ठेवलं होतं. उघड्या टेकडीवरच्या सुमारे ४० एकर वनजमिनीवर लोकांच्या सहभागातून ते उभं राहिलं. मोठ्या शहरांकडे टेकड्या आहेत, कंपन्या आहेत, स्वयंसेवक आहेत. आमच्यासारख्या गावाकडे एक टँकर, चार मजूर आणि एक मुकादम.

त्या दिवसांत लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता होती, पालिकेवर प्रशासक होते आणि निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले होते. पोरीला नाही म्हणायलाही कुणाला वेळ नव्हता. मुकादमांच्या हाताखाली, विनामोबदला, सकाळी साडेसहा ते दहा, असं ठरलं.

यादीतली रिकामी खड्डी

मुकादमांना नोकरीत तीस वर्षं झालेली. त्यांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात आदल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांची यादी दिली आणि म्हणाले, "पोरी, एवढीच मदत कर. यातलं काय जित्तं हाय अन् काय मेलं, ते लिहून दे. मले कोनी विचारलंच नाही आजवर."

ती वही घेऊन गल्लोगल्ली फिरली. यादीतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी रोप नव्हतं. काही ठिकाणी नुसता खड्डा होता, काही ठिकाणी खड्ड्यात प्लास्टिक. तिनं नुसती फुली मारली नाही, प्रत्येक फुलीपुढं कारण लिहायला घेतलं. कुठं शेळ्यांनी खाल्लं होतं. कुठं लोखंडी जाळी भंगारात गेली आणि मागोमाग रोपही. कुठं दिवाळीनंतर पाण्याचा टँकर आलाच नाही. कुठं विजेच्या तारेखालीच रोप लावलं होतं, ते वाढल्यावर छाटलं जाणार हे लावणाऱ्यालाही माहीत असावं. काही जगलेल्या झाडांची अवस्था मेलेल्यांपेक्षा वाईट होती. रोपाला संरक्षण म्हणून लावलेली जाळी कुणी काढलीच नव्हती आणि खोड वाढून ती सालीत रुतली होती. बुंध्याला खिळे ठोकून क्लासच्या जाहिराती लटकत होत्या. नव्या फुटपाथचे ब्लॉक थेट खोडाला भिडले होते, पाणी मुळाशी जायला बोटभर माती उरली नव्हती. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिला होता. आमच्या गावातल्या ठेकेदारापर्यंत तो पोहोचायला अवकाश असावा.

सगळ्यात तरारून जगलेलं एकच होतं, कोनोकार्पस. भराभर वाढतं, बारा महिने हिरवं, शेळी तोंड लावत नाही, म्हणून दुभाजकावर सगळीकडे तेच. पण हे झाड परदेशी आहे. त्याच्या परागकणांचा दमेकऱ्यांना त्रास होतो आणि मुळं पाइपलाइनमध्ये शिरतात, अशा तक्रारींवरून गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. यादीत 'जिवंत' लिहिताना भाचीनं त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं. झाड जगलं एवढ्यावर भागत नाही, कुठलं झाड जगलं हेही पाहायला हवं, हे तिला त्या दुभाजकानं शिकवलं.

हा प्रश्न काही आमच्याच गावापुरता नाही. राज्यात २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, मग चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. पुढं या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर करावी लागली. मी स्वतः कॉलेजात एनएसएसच्या मुलांना घेऊन रोपं लावली आहेत, फोटो काढले आहेत, अहवाल पाठवले आहेत. पुढच्या मे महिन्यात त्या रोपांकडे मी गेलो होतो का? भाचीची वही पाहताना हा प्रश्न मलाच टोचला.

मुकादमांनी तिला पाणी घालायला शिकवलं. ऐकायला गंमत वाटेल, पण त्यातही विद्या आहे. "रोज वाटीभर देशीन त मुळ्या वरच बसतीन," ते म्हणायचे. "आठ दिवसानं दे, पन टिपाडभर दे. पानी खाली जाईन, त्याच्या मांगं मूळ जाईन." पाणी बुडाशी न घालता थोडं दूर आळ्यात जिरवायचं, वर पालापाचोळा अंथरायचा, पाचोळा जाळणाऱ्याला हात जोडायचे. सहा आठवड्यांत ती दोनच मिनिटांत आळं करायला शिकली. हाताला घट्टे पडले ते तिनं आईपासून लपवले.

मेच्या शेवटी नवतपा आला. शेजारच्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढं गेला आणि जिल्हा प्रशासनानं उन्हामुळं ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. दंगलीसाठी लावायचं कलम उन्हासाठी लावावं लागलं! आमच्या टँकरची वेळ पहाटे पाचवर आली. भाची फजरची नमाज पढून निघायची. त्या दिवसांत तिनं वहीत आणखी एक रकाना वाढवला: दुपारी एक वाजता झाडाखाली कोण आहे? स्टँडच्या निंबाखाली तिला रोज सापडायचे ते असे: बसची वाट पाहणाऱ्या बाया, ऑटोवाले, बाजाराला आलेले म्हातारे, दवाखान्यातून परतणारी बाळंतीण, रसवंतीवाला, दोन कुत्री आणि एक गाय. त्या सावलीत बसायला कुणी कुणाला नाव-गाव विचारत नव्हतं.

लाल आकडा

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी निंबाच्या खोडावर लाल रंगात आकडा दिसला. शेजारच्या दोन गुलमोहरांवरही होता. रस्ता रुंद होणार होता, कडेनं मोठी नाली जाणार होती.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २०१३ च्या सुमारास महापालिकेनं झाडांना क्रमांक आणि ईमेल पत्ते दिले होते. फांदी तुटली, कीड लागली तर लोकांनी कळवावं, एवढाच हेतू. लोकांनी झाडांना प्रेमपत्रंच पाठवली. हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "मामू, तिथं झाडाला नंबर मिळाला की पत्रं येतात. आपल्याकडे नंबर मिळाला की कुऱ्हाड येते."

मुकादमांनीच तिला सांगितलं की याला कायदा आहे. आम्ही दोघांनी मिळून तो वाचला. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे आणि तो नगरपालिकांनाही लागू आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असावं लागतं, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी लागते, झाड तोडण्याआधी हरकती मागवाव्या लागतात. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड हा 'वारसा वृक्ष' मानला गेला. झाड तोडायची वेळ आलीच तर त्याचं जेवढं वय, तेवढी नवी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची.

म्हणजे सगळं येऊन थांबलं एका प्रश्नावर: निंबाचं वय किती?

मी छाती फुगवून म्हणालो, "मी साक्ष देतो. १९८६ मध्ये मी त्याच्याखाली बसलो होतो."

तिनं बोटांवर हिशेब केला. "तुमची आठवण अडतीस वर्षांची आहे मामू. पन्नास लागतात."

मग टेप आला. झाडाचा घेर साधारण जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली बावीसशेहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीनं असंच टेप लावून रस्त्याकडेची सहा लाख ६६ हजार झाडं मोजली होती. पण घेरावरून वय नक्की सांगता येत नाही. काळ्या जमिनीत, नालीच्या ओलीवर वाढलेला निंब मुरमावरच्या निंबापेक्षा लवकर जाड होतो. टेपनं घेर दिला, वय दिलं नाही. वय आता माणसांकडेच विचारायचं होतं.

साक्षीदार

निंबासमोर सायकल दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. काका सत्तरीपुढचे. भाचीनं विचारल्यावर ते म्हणाले, "आमच्या बापानं दुकान टाकलं तवा हे झाड व्हतंच." कधी टाकलं? अक्षय तृतीयेला, पण साल आठवेना. त्यांनी आतल्या भिंतीवरची एक तसबीर उतरवून फडक्यानं पुसली. दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, मागं स्टुडिओचा शिक्का आणि साल १९७६. फोटोत हार घातलेले वडील आणि त्यांच्यामागं टिनाच्या छपराच्या वर डोकं काढलेला कोवळा निंब.

१९७६ म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं. पण छपराएवढं व्हायला निंबाला तीन वर्षं तरी लागली असणार. हिशेब पन्नासच्या काठावर आला होता.

काकांनीच मागच्या गल्लीतल्या मावशींचं नाव सुचवलं. मावशी ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू, पण वर्षं त्यांना दुष्काळानं पाठ झालेली. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी याच रस्त्यावर खडी फोडली होती. सुकडी खाऊन दिवस काढले होते. "तवा इथं सावलीले पान नव्हतं," त्या म्हणाल्या. "लेकरू पाटीत निजवून वर लुगडं धरावं लागे. दुसऱ्या साली पानी आला. तवा आमच्यातल्या एकीनं निंबाचं रोपटं आनून लावलं इथं. म्हने, पुढच्या बाईले तरी सावली भेटंन." ती लावणारी बाई कोण, कुठल्या जातीची, कुठल्या गावची, मावशींना आठवत नव्हतं. काम संपल्यावर ती निघून गेली होती.

१९७३ चा पावसाळा. एक्कावन्न वर्षं.

आमच्या धर्मात सदका-ए-जारिया नावाची एक कल्पना आहे. सदका म्हणजे दान आणि जारिया म्हणजे वाहतं, न थांबणारं. विहीर खणली, शाळा बांधली, झाड लावलं, तर देणारा गेल्यावरही त्याचं पुण्य चालू राहतं. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी तर असंही शिकवलं की लावलेल्या झाडाचं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं काही खाल्लं, तरी ते लावणाऱ्याच्या नावे दान ठरतं. माझ्या पहिल्या रोजाची सावली मला कुणी दिली, हे अडतीस वर्षांनी कळलं. नाव मात्र कळलं नाही.

पाणी घरात शिरतं तेव्हा

गोष्ट इथं संपली असती तर सोपी होती. भाचीनं एका पानाचा अर्ज मराठीत लिहिला, फोटोची प्रत जोडली. ती अजून सज्ञान नव्हती, म्हणून अर्जदार सायकलवाले काका झाले. मावशींचा अंगठा, रसवंतीवाला, औषधवाले, मशिदीचे इमामसाहेब, मी, अशा सह्या झाल्या. सह्या घ्यायला ती आमच्याच मोहल्ल्यात गेली आणि तिथं अडली.

एका घरातल्या बाईनं तिला दारातच विचारलं, "बेटी, दरसाल पावसाचं पाणी आमच्या घरात शिरतं. गुडघाभर. पोरांची पुस्तकं भिजतात. ती नाली आमच्यासाठीच होणार आहे. तेव्हा तुझा निंब येतो का पाणी उपसायला?"

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. खालच्या गल्लीतली घरं खरंच बुडतात. रस्ता इतका अरुंद आहे की ॲम्ब्युलन्स अडकते, हेही खरं. भाची त्या दिवशी सही न घेता परतली आणि जेवली नाही. मी तिला समजवायला गेलो तर म्हणाली, "मामू, त्या बरोबर आहेत. अन् मावशीपण."

दुसऱ्या दिवशी ती मुकादमांना घेऊन नालीच्या आखणीवरून चालत गेली. टेप होताच. निंबापाशी नालीची रेघ तीन फूट रस्त्याकडे घेतली तर झाड वाचत होतं, मात्र तेवढ्या टप्प्यात नाली अरुंद आणि खोल करावी लागणार होती. वहीच्या पानावर तिनं ते काढलं. काढलेलं चित्र फारसं बरं नव्हतं. पण अर्जावरच्या पाहणीला आलेल्या तरुण इंजिनिअरनं ते पान हातात घेतलं, दोनदा पाहिलं आणि आपल्या नकाशावर पेन्सिलनं एक वळण काढलं.

नाली झाली. ती निंबापाशी किंचित वळते, पाहिलं तर कळेल. गेल्या पावसाळ्यात त्या बाईच्या घरात पाणी शिरलं नाही. दोन्ही गुलमोहर मात्र गेले. ते पन्नासच्या खूप अलीकडचे होते आणि नेमके नालीच्या वाटेत होते. ते पडले त्या दिवशी भाची तिथं उभी होती. मी म्हणालो, येऊ नकोस. ती म्हणाली, यादीत लिहायचं आहे.

सात वर्षांचा हिशेब

गुलमोहरांच्या बदल्यात ऑगस्टमध्ये शाळेच्या कुंपणालगत नवी रोपं लागली. करंज, निंब, चिंच, शिरीष. कोनोकार्पस एकही नाही. फोटो काढायला बरेच जण आले होते. भाचीनं फोटोत उभं राहण्याऐवजी प्रत्येक रोपाला क्रमांक दिला आणि वहीचं नवं पान सुरू केलं. सात वर्षं म्हणजे २०३१ पर्यंत. तेव्हा ती कुठं असेल कोण जाणे, म्हणून वहीच्या आणखी दोन प्रती केल्या. एक मुकादमांकडे, एक सायकलच्या दुकानात.

यंदा तिची बारावीची परीक्षा आणि रमजान एकाच वेळी आले. रोजा धरून पेपर आणि पेपरहून आल्यावर पुस्तक. पाण्याचं काम तिनं वाटून दिलं आहे. मशिदीत वजू करताना, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय धुताना, वाहून जाणारं पाणी नालीत जायचं. तिथल्या पोरांनी आता पाइप टाकून ते कुंपणाकडे वळवलं आहे. साबण नसलेलं पाणी, झाडाला चालतं. वजूत पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. ते रोपापर्यंत न्यायचं, हे एका सोळा वर्षांच्या मुलीनं सांगावं लागलं. दुपारची पाळी सायकलवाल्या काकांच्या नातवाकडे आहे, कारण रोजेदार पोरं त्या वेळी थकलेली असतात. "तुम्ही निजा, मी टाकतो," असं त्यानंच सांगितलं. परवापर्यंतच्या नोंदीत चार रोपं मेलेली आहेत. कारणं लिहिलेली आहेत, आणि त्या जागी पावसाळ्यात काय लावायचं तेही.

डिसेंबरात मावशी गेल्या. निंब कोणत्या साली लागला हे डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस गेलं. त्यांचा अंगठा अर्जावर राहिला म्हणून वय उरलं, नाहीतर तेही त्यांच्याबरोबरच गेलं असतं. वाचकांना म्हणूनच एक विनंती. तुमच्या दारापुढं, शाळेपुढं, देवळापुढं, मशिदीपुढं जे मोठं झाड आहे, त्याचं वय घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून ठेवा. लग्नाच्या, दुकानाच्या जुन्या फोटोंत ते झाड शोधा. एका वहीत लिहा. लाल आकडा लागल्यावर शोधायला गेलो तर साक्षीदार सापडतीलच असं नाही.

यंदा, २०२५ मध्ये, गुढीपाडवा ३० मार्चला आहे आणि त्याच संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. सायकलवाले काका दर पाडव्याला याच निंबाची डहाळी गुढीला बांधतात आणि पानं गुळाबरोबर वाटतात. या वर्षी आमच्या घरी शिरखुर्म्याचं दूध आदल्या रात्रीच येईल. काकांनी निरोप धाडला आहे, "पाडव्याची निंबाची पानं पाठवतो. रोजा सुटल्यावर खा. बावन्नावं लागलं त्याले."